नमुनेवाल्या मंठेकरबाई

जालन्याच्या मुलींच्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, मी रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात तिघी-चौघींनी मला बजावलं होतं, की मंठेकरबाईंच्या गाड्यांना खेळणी म्हणू नका. मी विसरले. मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर दौतीशेजारी एक बोटभर लांबीची लाल मोटार उभी होती. चाकं उघडी, मधल्या खड्ड्यात चष्मा लावलेला इवलासा माणूस, आणि नाकाडावर सात आकडा. मी म्हटलं, किती सुरेख खेळणं आहे. बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. रागावल्या नाहीत. मुलीचं गणित चुकल्यावर ज्या सुरात सांगत, त्याच सुरात म्हणाल्या, "ही जशीच्या तशी मोठी गाडी कुठंतरी शर्यतीत पळून राह्यली. हा तिचा नमुना हाय. खेळणं न्हाई."

हा 'नमुना' शब्द गावानं उचलला, पण बाईंसाठी. आमच्या मस्तगड मोहल्ल्यातल्या ओट्यांवर बसलेली माणसं बाई छत्री टेकत गेल्या की एकमेकांना म्हणत, गेला बघा नमुना. बाईंच्या कानावर ते जायचं. एकदा त्या थांबल्या आणि ओट्यावरच्या एका शेटजींना त्यांनी शांतपणे विचारलं, की नमुना म्हणताय, तर कशाचा ते तरी सांगा, म्हणजे मूळ माल कुठं मिळतो ते मला कळेल. शेटजींनी विषय सरकीच्या भावावर नेला.

बाई मूळच्या मंठ्याच्या. लग्न म्हणजे काय ते कळायच्या आत विधवा झालेल्या. वडिलांनी शिकवलं, उर्दू आणि हिशेब पक्के करून घेतले. कपाळ मोकळं, अंगावर जाडंभरडं पांढरं लुगडं, पण केस त्यांनी ठेवले होते आणि त्यावरून भावकीशी जे भांडण झालं ते कायमचं. मस्तगडला दोन खोल्या आणि पुढे ओटा, एवढ्यात त्या एकट्या राहत. माझं घर बरोबर समोर होतं, म्हणून मला हे सगळं दिसलं. नाहीतर मी काही त्यांची जिवाभावाची मैत्रीण नव्हते. तशी त्यांना कुणी होती असं मला वाटत नाही.

पहिल्या तीन गाड्या त्यांना रेल्वेच्या लिलावात मिळाल्या. न सोडवलेली पार्सलं स्टेशनवर विकायला काढत, तिथं सगळे पुरुष व्यापारी. बाई तिथं गेल्या होत्या मोडकं शिवणयंत्र बघायला. एका फुटक्या खोक्यातून त्यांना ती लाल गाडी दिसली. त्यांनी बोली लावली तेव्हा लिलाव करणाऱ्यानं ती ऐकलीच नाही असं दाखवलं. त्यांनी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा त्या पुढे होऊन त्या खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, मी बोलून राह्यले, तुम्ही आकडा पुकारा. शिवणयंत्र भलत्यानंच नेलं. बाई खोकं डोक्यावर घेऊन कुंडलिकेच्या पुलावरून चालत घरी आल्या.

मग त्यांना नादच लागला. मुंबईला कुणी जाणार असलं की त्याच्या हातात चिठ्ठी, त्यात गाडीचं वर्णन. विलायतेला परतणाऱ्या एका कापूस-कंपनीच्या गोऱ्या मॅनेजरच्या सामानातून एक निळी लांबट मिळाली. काही पोस्टानं येत, आणि परमुलखातून आलेला माल निजामाच्या हद्दीत शिरला की करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर तपासला जाई. तिथला कारकून पावतीवर 'खेळणं' लिहायचा. बाई कागद परत करायच्या. शेवटी तो कंटाळून 'नमूना मोटर, बराए तालीम' म्हणजे शिकवण्यासाठीचा नमुना असं लिहायला लागला, आणि तेवढ्यासाठी बाई ऊन असो की काही, नाक्यावर उभ्या राहत.

लोकांना कारण हवं असतं. कुणी म्हणे मूल नाही म्हणून ही माया. कुणी म्हणे नवरा मोटारीखाली गेला असेल. नवरा बिचारा पटकीनं गेला होता, तेव्हा जालन्यात मोटार आलेलीही नव्हती. मीही एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "बायकांनी भांडी जमवली तर कुणी कारण विचारतं? देव जमवले तर विचारतं? मला ह्या आवडतात. आवडतात म्हणजे आवडतात."

गाड्या एका पत्र्याच्या ट्रंकेत कापसाच्या थरांवर असत. दर रविवारी दुपारी त्या ओट्यावर सतरंजी टाकून सगळ्या मांडायच्या, जुन्या मलमलीच्या तुकड्यानं एकेक पुसायच्या आणि आसांना घड्याळाच्या तेलाचा थेंब द्यायच्या. मुलींनी गाड्यांना राणी, मैना अशी नावं दिलेली त्यांना चालत नसत. सात नंबर, बारा नंबर, असंच म्हणायचं. चावीच्या गाड्यांची स्प्रिंग तुटली की वजीरभाईंकडे. जुन्या जालन्यात कापडदुकानांच्या गल्लीत त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून ते त्या गाडीचं पोट उघडत आणि बाई समोरच्या स्टुलावर बसून प्रत्येक स्क्रूवर नजर ठेवत. त्यांचं नेहमी एकाच गोष्टीवरून वाजे. वजीरभाईंना उडालेल्या रंगावर नवा रंग द्यायचा असे. बाई देऊ देत नसत. त्यांचं म्हणणं, धावलेली गाडी खरचटणारच, तिला नवरी करू नका. वजीरभाई मला म्हणायचे, "ये बाई जिद्दी है, मगर नजर उस्ताद की है."

शाळेत मात्र त्यांनी या नादाचं सोनं केलं. आमच्याकडे मुली त्रैराशिकाला रडत. बाईंनी एका विलायती मासिकातून एका शर्यतीच्या गाडीची लांबी काढली: चौदा फूट. नमुना साडेतीन इंच. म्हणजे नमुन्यातला एक इंच खऱ्यातले चार फूट. मग मुलींच्या हातात दोऱ्या दिल्या आणि नमुन्यावरून मापं घेत पटांगणात चुन्यानं पुरी गाडी काढायला लावली. चाक केवढं, नाकाड केवढं, माणूस बसतो तो खड्डा केवढा, सगळं हिशेबानं. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती चौदा फुटी गाडी पटांगणात पडलेली, आत बुरख्यातल्या आणि परकरातल्या मुली ओळीनं बसलेल्या, आणि नेमका जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांचा टांगा फाटकाशी थांबला.

साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय. बाई म्हणाल्या, त्रैराशिक. साहेब म्हणाले, या मुली कधी मोटार चालवणार नाहीत, शर्यत तर बघणारही नाहीत, मग हे कशाला? बाई म्हणाल्या, साहेब, त्या निजामसागर धरणही बघणार न्हाईत, पण आपण ते भूगोलात लावलंय. मी मागे उभी होते. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्या पदराचं टोक चावत होत्या.

आठ दिवसांनी लेखी जवाब मागवला गेला. बाईंनी स्वच्छ उर्दूत दोन ओळी लिहून दिल्या. पटांगणातली मोटार मिटवली आहे, असं पहिल्या ओळीत. आणि दुसरीत, की त्रैराशिक मुलींच्या डोक्यात गेलं आहे, ते मिटवण्याची तजवीज माझ्याकडे नाही. तो कागद पुढे गेला की मोठ्या बाईंनी फाडला ते मला माहीत नाही. पण त्या वर्षी आमच्या मुली हिशेबात पहिल्यांदाच सगळ्या पास झाल्या.

खरी गाठ पडली ती नजराण्याच्या वेळी. कुणी एक जागीरदार शिकारीसाठी जालन्याला येणार होते, मोटारींचे भारी शौकीन. इथल्या एका बड्या अधिकाऱ्याला त्यांना नजराणा म्हणून काही भेट द्यायची होती, आणि त्याच्या कारकुनानं त्याच्या कानात घातलं, की एका मास्तरणीकडे रुपेरी रंगाची एक गाडी आहे, तशी हैदराबादेतही कुणाकडे नसेल. शाळेत चपराशी चिठ्ठी घेऊन आला: रुपेरी गाडी दोन दिवसांत साहेबांच्या बंगल्यावर पोचवावी. विनंती नव्हती, किंमत विचारलेली नव्हती. बाईंनी चिठ्ठीच्या मागे लिहिलं, की नजराणा ज्याच्या मनातून निघतो त्याच्याच घरातून जावा.

दुसऱ्या दिवशी तो कारकून स्वतः बाईंच्या घरी आला. बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, ट्रंक उघडली आणि एकूण एक गाडी दाखवून तिची हकीकत सांगितली. तासभर तो ऐकत राहिला. रुपेरी गाडी त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवून चाकं फिरवून दाखवली. मग ती परत घेतली, कापसात ठेवली, ट्रंक लावली आणि म्हणाल्या, साहेबांना सांगा, बघायला कधीही या.

त्या दिवशी मी रस्ता ओलांडून गेले आणि त्यांना समजावलं. एक गाडी गेली तर काय जातं, नोकरी महत्त्वाची, एकट्या बाईनं कुणाशी वैर घेऊ नये. सगळं शहाणपणाचंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज मी दिली, तर उद्या काय मागायचं ते त्यो ठरवील. न्हाई म्हणले तर एवढं तरी त्याला कळंल, की ह्या घरात न्हाई म्हणतात."

पंधरा दिवसांत त्यांची बदली तीर्थपुरीला झाली. तिथे मुलींचा एकच वर्ग, तोही कुणाच्या तरी गोठ्याशेजारच्या पडवीत. बाई बैलगाडीतून गेल्या, ट्रंक मांडीवर घेऊन. गाडीवान म्हणाला मागं ठेवा, खड्ड्यांचे हाबडे बसतात. त्या म्हणाल्या, हाबडे बसतात म्हणूनच मांडीवर घेतली.

सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. वाटलं होतं, खचल्या असतील. त्या मला थेट आठवडी बाजारात घेऊन गेल्या. तिथे मिरच्यांच्या ढिगांपलीकडे त्यांनी एक लांब फळी दगडांवर उतरती लावली होती आणि तिच्यावरून गाड्या सोडत होत्या. भोवती शेतातून आलेल्या बायकांची ही गर्दी. बाई त्यांना गाड्या हाताळू देत होत्या, वर्गात मुलींनाही देत नसत इतक्या मोकळेपणानं. एका म्हातारीनं निळी गाडी हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, ह्यात बाई बसत असंल का? बाईंनी पिशवीतून एक कात्रण काढलं. विलायतेतली एक बाई शर्यतीच्या गाडीत, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला ग्रीसचे डाग, हसत होती. म्हातारीनं ते बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मंग आपुनच का बैलगाडीत मागं तोंड करून बसतो गं?"

त्या दिवसापासून बाई तीर्थपुरीत कुठेही जाताना गाडीवानाच्या शेजारी, पुढे तोंड करून बसायला लागल्या. गावात बोललं गेलं. पाटलानं निरोप पाठवला. बाईंनी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, की मागं बसलं की आलेला रस्ता दिसतो, आन् त्यो मी पाह्यलेला हाय.

दोन वर्षांनी तो अधिकारी बदलून गेला, बाईंच्या अर्जांचा ढीग कुणाला तरी नकोसा झाला, आणि त्या जालन्याला परत आल्या. तोवर दिवस पालटले होते. रझाकारांच्या टोळ्या रस्त्यानं फिरत होत्या, शाळेत निम्म्या मुली येईनाशा झाल्या होत्या. ज्यांना जमलं ते हद्दीपलीकडे हिंदुस्थानात निघून गेले. बाई गेल्या नाहीत. त्या दिवसांत वजीरभाईंची बायको मेहेरबी रोज सकाळी बाईंच्या दारात यायची आणि शाळेपर्यंत त्यांच्याबरोबर चालायची. परतताना पुन्हा हजर. बुरख्यातली बाई बरोबर असली की वाटेत कुणी हटकत नसे. त्या दोघी काय बोलत मला माहीत नाही. मेहेरबी फार हळू बोलायची आणि बाई फार मोठ्यानं.

मग हिंदुस्थानचं लष्कर आलं. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आनंद झाला, तो खोटा नव्हता. आम्हीही दारात रांगोळ्या काढल्या. पण एक राज्य गेलं होतं आणि दुसरं अजून नीट बसलं नव्हतं, त्या मधल्या दिवसांत टोळक्यांना कुणी विचारणारं नव्हतं. ज्यांचे हात रझाकारांपर्यंत पोचत नव्हते, ते शेजारच्या गल्लीपर्यंत सहज पोचत होते. वजीरभाईंचं दुकान फोडलं. भिंतीवरची घड्याळं नेली, उरलेली रस्त्यात आपटली. वजीरभाईंनी आयुष्यात पेचकसाहून मोठं हत्यार हातात धरलं नव्हतं. त्याच दुपारी बाई जुन्या जालन्यात गेल्या आणि वजीरभाई, मेहेरबी आणि त्यांच्या दोन मुली यांना भर रस्त्यानं आपल्या घरी घेऊन आल्या. लपवून नाही. सगळ्या मस्तगडनं पाहिलं.

रविवार आला. बाईंनी नेहमीसारखी ओट्यावर सतरंजी टाकली, गाड्या मांडल्या आणि स्वतः उंबरठ्यावर बसल्या. मी म्हटलं, आज तरी राहू द्या. त्या म्हणाल्या, रविवार हाय. मी घरात आले आणि दाराला कडी घातली.

सात-आठ जण आले. दोघांच्या हातात कुऱ्हाडी, बाकीच्यांच्या काठ्या. मी दाराच्या फटीतून बघत होते. पुढच्यानं विचारलं, घड्याळवाला कुठं हाय? बाईंच्या हातात बारा नंबर होती. ती पुसून त्यांनी रांगेत ठेवली आणि वर बघितलं.

"घरात हाय. बायकोपोरींसगट हाय. आन् मी दारात हाय."

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. कुणीही नाही म्हटलं असतं. त्या माणसालाही तेच अपेक्षित असावं, कारण तो क्षणभर गडबडला. मग म्हणाला, बाई, बाजूला व्हा, तुमचं आमचं काही न्हाई. बाई म्हणाल्या, मी उठत न्हाई. त्याच्या मागचा एक तरणा पुढे आला आणि त्यानं पायानं पहिली गाडी चिरडली. ती लाल होती, सात नंबर. पत्र्याचा कुरकुर आवाज माझ्यापर्यंत आला. त्यानं दुसरी चिरडली, तिसरी. प्रत्येक गाडीनंतर तो बाईंकडे बघायचा, आता उठेल, आता हात मध्ये घालेल म्हणून. एका गाडीसाठी ज्या तीर्थपुरीला गेल्या, त्या बाई मांडीवर हात ठेवून बसून होत्या. रुपेरी गाडी गेली तेव्हाही पापणी हलली नाही. गाड्यांना हात घालायचा तर उंबरठा सोडावा लागला असता.

तेवढ्यात शेजारची कासारीण बाहेर आली. तिची मुलगी आमच्या शाळेत होती, पटांगणातल्या त्या गाडीत बसलेली. ती येऊन बाईंच्या डाव्या अंगाला उंबरठ्यावर बसली. मग कोपऱ्यावरच्या शिंप्याची म्हातारी आई काठी टेकत आली आणि उजव्या अंगाला टेकली. मग आणखी एक. मी चौथी होते. हे मी मिरवायला सांगत नाही. तीन बायका बसेपर्यंत मी कडीवर हात ठेवून उभी होते. मी जाऊन त्यांच्या पायाशी बसले तेव्हा बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त लुगडं आवरून मला जागा केली. नंतर मागच्या गल्लीतूनही बायका यायला लागल्या. ओटा भरला, पायऱ्या भरल्या. त्या टोळक्यातला वयानं मोठा होता तो कासारणीला ओळखत असावा. त्यानं मान खाली घातली आणि बाकीच्यांना म्हणाला, चला. तरण्यानं जाता जाता उरलेल्या दोन गाड्या लाथेनं रस्त्यात उडवल्या. गेले.

आम्ही सगळ्या बसून राहिलो. शेवटी बाई उठल्या, सतरंजीची चार टोकं धरून पत्रा एकत्र केला आणि आत नेला. कुणीतरी हळहळलं, की एवढ्या वर्षांची जमवाजमव गेली. बाई म्हणाल्या, गेली न्हाई, कामाला आली. वजीरभाई पुढे होऊन म्हणत होते, मी सरळ करतो, एकेक करून सगळ्या सरळ करतो. त्यांनी चिरडलेला पत्रा उचलला, तेव्हा बाईंनी त्यांचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि त्यांना खाली बसवलं. परपुरुषाचे हात असे भरल्या घरात धरलेले मस्तगडनं तोवर पाहिले नव्हते.

आगगाड्या नीट सुरू झाल्या तसं वजीरभाईंच्या मेहुण्याचं हैदराबादहून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, मी पोचवून येते. रजा मिळाली नव्हती. त्या निघाल्या. मी स्टेशनवर गेले होते, डबा दिला, मेहेरबीच्या धाकटीच्या हातात फुटाण्यांची पुडी दिली. वजीरभाई पुरुषांच्या डब्यात चढले, या चौघी बायकांच्या डब्यात. माझ्या यजमानांची बदली त्याच महिन्यात परभणीला झाली आणि मी जालना सोडलं, त्यामुळे मी बाईंना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

डब्यात जागेवरून काहीतरी सुरू झालं. एक जाडजूड बाई खिडकीशी बसलेली, ती बुरखा बघून मेहेरबीला शेजारी बसू देईना, बाकावर पिशवी ठेवून अडून राहिली. मेहेरबी उभ्याउभ्याच म्हणत होती, राहू द्या बाई, मी खाली बसते. शिट्टी झाली. मी खिडकीबरोबर चालत हात हलवत होते, बाईंना काहीतरी सांगायचं होतं मला, त्या ओट्याबद्दल, कडीबद्दल. बाईंनी ती पिशवी उचलली, मालकिणीच्या मांडीवर ठेवली, मेहेरबीचा दंड धरून तिला बाकावर बसवलं आणि बोट वर करून त्या जाड बाईला काहीतरी सांगायला लागल्या. गाडीनं वेग घेतला. डबा पुढे गेला तरी ते बोट मला खिडकीत दिसत होतं. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. भांडण अजून संपलं नव्हतं.